जनावरांचा रात्रीचा मुक्काम : गोठ्यात की उघड्यावर?

जनावर रात्री छपराखाली बांधावे की उघड्यावर ठेवावे, हा प्रश्न परभणी जिल्ह्यातल्या मानवत तालुक्यात वर्षातून किमान तीनदा नव्याने सोडवावा लागतो. उत्तरेला दुधना, दक्षिणेला गोदावरी आणि मधल्या पट्ट्यात खोल काळी जमीन, असा हा मुलूख. मे महिन्यात दुपारी पारा ४३-४४ अंशांपर्यंत चढतो. थंडीच्या लाटेत परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत तो ५ अंशांच्याही खाली उतरलेला आहे. वर्षाचा सरासरी पाऊस ९०० मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतला. मे महिन्याला मानवणारी व्यवस्था जुलैत जनावर आजारी पाडते आणि जुलैची व्यवस्था तशीच पुढे चालवली तर डिसेंबरात वासरे दगावतात.

मुक्कामाच्या जागा इथे दोन. एक गावातला गोठा, बहुधा घराला लागून, दगड-मातीच्या किंवा विटांच्या भिंतींचा. दुसरा शेतातला आखाडा : चार खांबांवर पत्रे, शेजारी कडब्याची गंजी, लिंबाचे एखादे झाड, सालगड्याची बाज आणि खुंट्यांची रांग. बैलजोडी, लाल कंधारी किंवा देवणी गाय, संकरित दुभती जनावरे, म्हशी, शेळ्या आणि क्वचित एखादे घोडे यांची रात्र या दोहोंपैकी एका जागी जाते. वाद छपराचा असल्यासारखा चालतो, पण जनावराला लागणाऱ्या गोष्टी तीन आहेत : बुडाखाली कोरडी जमीन, अंगावरून जाणारी हवा आणि पाऊस-दवापासून आडोसा. या तिन्ही गोष्टी सांभाळून बांधलेला गोठा उघड्यासारखाच निरोगी असतो. घात होतो तो चारी बाजूंच्या भिंतींमुळे.

रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात वैरण आंबत असते आणि त्या आंबण्यातून सतत उष्णता निघते. संध्याकाळी पोटभर कडबा खाल्लेली गाय रात्रभर आतून तापलेली असते. प्रौढ गाय-बैलांना साधारण १० ते २७ अंशांमधली हवा सुखाची. देशी जनावर त्याच्या वरचे तापमानही बरेच सोसते, संकरित गाय सोसत नाही. घोड्याला साधारण ५ ते २५ अंश मानवतात. म्हणजे मोठ्या जनावराला गारव्यापेक्षा उकाड्याचा त्रास लवकर होतो. माणूस मात्र स्वतःच्या अंगाला थंडी वाजली की गोठ्याची दारे लावतो.

उन्हाळ्याचा निर्णय त्यामुळे सर्वात सोपा आहे. निरभ्र रात्री उघड्यावरच्या जनावराच्या अंगातली उष्णता थेट आकाशाकडे निघून जाते. छपराखाली ही वाट बंद होते. पत्रा सूर्यास्तानंतर लवकर निवतो, पण दिवसभर तापलेली वीट आणि दगड मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत राहतात, आणि त्यात दाटीने बांधलेल्या जनावरांच्या श्वासाचा दमटपणा मिसळतो. अशा गोठ्यात पहाटेसुद्धा संकरित गाय तोंड उघडून धापा टाकताना दिसते. मार्च ते मेअखेर, वळवाची चिन्हे नसतील तर, दिवे लागणीनंतर जनावरे बाहेर काढावीत. वैरणीचा मोठा वाटा रात्री टाकावा आणि पाण्याची टाकी जवळ ठेवावी. दिवसाच्या उकाड्यात न खाल्लेली वैरण जनावर रात्री भरून काढते, आणि दुधाची उन्हाळी घट त्यामुळे काही अंशी आवरते.

हिवाळ्यात त्याच निरभ्र आकाशाचा उपद्रव होतो. अंगातली ऊब वर जाते आणि पहाटे दव पडून केस ओले होतात. तरीही कोरड्या केसांचे, पोट भरलेले प्रौढ देवणी किंवा लाल कंधारी जनावर मानवतची नेहमीची थंडी उघड्यावर सहज काढते, कारण रवंथ हीच त्याची शेकोटी असते. वारा आणि ओल एकत्र आले की मात्र हिशेब बदलतो. नुकतीच व्यालेली गाय, म्हातारा बैल, लोकर कातरलेली मेंढी, आजारातून उठलेले जनावर आणि विशेषतः महिन्याच्या आतले वासरू यांना आडोसा लागतोच. लहान वासराला १० ते १५ अंशांच्या खालीच थंडी बाधू लागते. चवाळ्याची झूल घालावी, पण सकाळी ती उन्हात वाळवावी. दवाने भिजलेली झूल पाठीवर राहिली तर ती नसलेली बरी.

हिवाळ्यातली सर्वात महाग पडणारी चूक म्हणजे पोती, ताडपत्री, जुन्या साड्या लावून गोठा पूर्ण बंद करणे. मूत्र आणि शेण एकत्र आले की अमोनिया वायू तयार होतो, आणि तो जमिनीलगत, म्हणजे बसलेल्या वासराच्या नाकापाशी, सर्वात तीव्र असतो. उभ्या माणसाला त्याचा अंदाज येत नाही. परीक्षा अगदी सोपी आहे : भल्या पहाटे, दार उघडण्याआधी आत जाऊन वासराच्या उंचीवर दोन मिनिटे बसावे. डोळे चुरचुरले, किंवा पत्र्याच्या आतल्या बाजूने पाणी ठिबकताना दिसले, तर गोठा गरजेपेक्षा जास्त बंद आहे. या हवेने फुप्फुसाचे अस्तर दुखावते आणि मग जंतूंना वाट मिळते. थंडीने फुप्फुसदाह झाला असे समजली जाणारी कितीतरी वासरे प्रत्यक्षात कोंडलेल्या हवेने आजारी पडलेली असतात. वाऱ्याच्या बाजूला जनावराच्या पाठीइतक्या उंचीपर्यंत आडोसा करावा आणि त्याच्या वरचा भाग, छपरापर्यंत, मोकळा सोडावा. ऊब भिंतीतून मिळवण्यापेक्षा बुडाखालच्या कोरड्या भुशातून आणि पाचटातून मिळवावी.

पावसाळ्याचा प्रश्न मानवतमध्ये आकाशापेक्षा जमिनीचा आहे. काळ्या रानात दोन दिवस झड लागली की खुंट्याभोवतीची जमीन जनावरांच्या खुरांनीच मळली जाते आणि गुडघाभर राड होते. गायी-बैल दिवसातून १० ते १२ तास बसून काढतात. राडीत ते बसत नाहीत, उभे राहून थकतात, रवंथ कमी होते आणि दूध उतरते. नाइलाजाने बसलीच तर गायीची कास चिखलात जाते आणि कासदाह होतो. ओलीत मऊ पडलेल्या खुरांच्या बेचक्यात जखमा होतात, आणि पेरणी-कोळपणीच्या ऐन दिवसांत बैल लंगडतो. म्हणून जून ते सप्टेंबर जनावरे छपराखालीच हवीत, आणि छपराइतकाच खालचा ओटा महत्त्वाचा. आजूबाजूच्या रानापेक्षा दीड-दोन फूट उंच, मुरूम ठोकून केलेला, एका बाजूला उतार असलेला ओटा वर्षभर कामी येतो. काँक्रीटची जमीन धुवायला सोपी, पण घोटीव केली तर जनावर घसरते. तिच्यावर रेघा ओढाव्यात आणि रात्रीपुरते पाचट अंथरावे.

किडे-माश्यांचा विचार रात्रीच्या मुक्कामात फार मागे पडतो. रक्त पिणारी बारीक चिलटे, ज्यांना शास्त्रात क्युलिकॉइड्स म्हणतात, ती संध्याकाळ ते पहाट या वेळात सर्वाधिक चावतात. साचलेले पाणी, ओले शेण आणि कालव्याकाठची दलदल ही त्यांच्या पैदाशीची ठिकाणे. मेंढ्यांचा नीलजिव्हा रोग त्यांच्यामार्फत पसरतो, आणि पावसाळ्याच्या शेवटी गायी-बैलांना होणारा तिवाही चिलटे आणि डासांमुळेच पसरतो. २०२२ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर पसरलेल्या लम्पी त्वचारोगात चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड तिन्ही दोषी होते. अशा दिवसांत जाळी लावलेला गोठा उघड्यापेक्षा सुरक्षित, आणि जाळी नसली तर वारा खेळता असलेली उंचवट्याची जागा बरी, कारण वाऱ्यात चिलटे तग धरत नाहीत. कडुनिंबाच्या पाल्याचा धूर असेपर्यंत गुण देतो, पण बंद गोठ्यात केला तर फुप्फुसांना तोच बाधतो. गोचिडांची गोष्ट उलटी आहे. त्यांना भिंतीच्या भेगा आणि गव्हाणीखालचे कोपरे हवे असतात, म्हणून जुन्या दगडी गोठ्यात गोचीड ताप जास्त. औषध नुसते अंगाला लावून भागत नाही. भेगा बुजवून चुना द्यावा लागतो.

रात्रीच्या धोक्यांत मराठवाड्यात विजेला पहिला मान द्यावा लागतो. एप्रिल ते जून आणि पुन्हा परतीच्या पावसात, संध्याकाळच्या गडगडाटात झाडाखाली बांधलेली जनावरे दरवर्षी मरतात. झाडावर पडलेली वीज मुळांवाटे जमिनीत पसरते, आणि पुढच्या व मागच्या पायांखालच्या जमिनीतल्या विद्युतदाबाचा फरक जनावराच्या अंगातून वाहतो. माणसाचे पाय जवळ असतात. बैलाचे पुढचे-मागचे पाय लांब असतात आणि त्यांच्या मध्ये काळीज असते. एका झाडाखालची चार जनावरे एकाच वेळी गतप्राण होतात ती यामुळे. आभाळ भरून आले तर लिंबाच्या किंवा चिंचेच्या बुंध्याला बांधलेले दावे आधी सोडावे. तारेच्या कुंपणालाही जनावर बांधू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइल अॅप आसपासच्या विजेची सूचना देते. आखाड्यावर झोपणाऱ्या गड्याच्या मोबाइलमध्ये ते असावे.

पुराचा धोका गोदाकाठच्या आणि ओढ्याकाठच्या आखाड्यांना. सप्टेंबर २०२४ आणि सप्टेंबर २०२५ या दोन्ही वर्षींच्या अतिवृष्टीत मराठवाड्यात जनावरे वाहून गेली. दावणीला बांधलेल्या जनावराला पाण्यातून सुटायला वाव नसतो. मोकळे जनावर बहुधा पोहून उंचवटा गाठते. धरणातून विसर्ग वाढवण्याचा इशारा आलेल्या रात्री काठावरच्या आखाड्यात जनावर बांधून गावात झोपायला जाणे म्हणजे ते गमावण्याची तयारी ठेवणे.

आगीचा काळ फेब्रुवारी ते मे. कडब्याची गंजी आणि गोठा एकमेकांना लागून असतात, वरून सैल वायरीचा दिवा लोंबत असतो. पेटलेल्या गोठ्यात साखळीने जखडलेल्या जनावराला वाचवणे जवळजवळ अशक्य. गंजी गोठ्यापासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला असावी, आणि दाव्याची गाठ एका ओढीत सुटणारी असावी. ही काळजी महाराष्ट्राला नवी नाही. चिपळूणजवळच्या हलवर्ण येथे पावसाळ्यासाठी उतरलेल्या घोडदळाच्या अंमलदारांना छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात पाठवलेल्या पत्रात वैरण आणि दिवा हेच दोन मुद्दे आहेत. साठवलेली वैरण आणि दाणा आधीच उधळला तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील, आणि रात्री दिवा जळता ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल व गवताला आग लागून पागा जळेल, असा इशारा त्यात दिलेला आहे.

चोरी आणि श्वापदे यांचा निर्णय जागेवर अवलंबून. निर्मनुष्य आखाड्यावर बैलजोडी ठेवणे चोराला निमंत्रण आहे. माणूस मुक्कामाला नसेल तर बैल गावातच आणावेत, मग ऋतू कोणताही असो. लांडगा आणि मोकाट कुत्री मोठ्या जनावराच्या वाटेला क्वचित जातात, पण शेळ्या, करडे आणि वासरे यांना रात्री बंद, वरूनही झाकलेला, जाळीचा कोंडवाडा हवा. बिबट्याचा वावर असलेल्या उसाच्या पट्ट्यात, जसे पुणे जिल्ह्यात जुन्नरकडे, तिथे उघड्यावर ठेवण्याचा विचार सोडूनच द्यावा लागतो.

घोड्याचा विचार निराळा करावा लागतो. २०१९ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टू मिळून सुमारे ३.४ लाख उरले होते. २०१२ च्या तुलनेत ही घट ४५ टक्क्यांहून अधिक. परभणी-नांदेड भागात आज घोडे दिसते ते मुख्यतः लग्नाच्या वरातीत, किंवा मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत. घोडा रवंथ करत नाही. त्याचे पोट लहान, आणि मोकळे सोडल्यास तो दिवसाचे १४ ते १६ तास थोडेथोडे चरत राहतो. संध्याकाळी सातला चंदीचा तोबरा देऊन सकाळपर्यंत रिकाम्या ठाणावर बांधून ठेवलेल्या घोड्याच्या जठरात व्रण होतात आणि पोटशूळ उठतो. तबेल्यात ठेवायचे तर रात्रभर पुरेल इतके सुके गवत समोर हवे. दुसरी गोष्ट झोपेची. घोडा उभ्याने डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला काही वेळ आडवे व्हावेच लागते. आगाडी-पिछाडी आखूड बांधली तर तो दिवसेंदिवस गाढ झोपत नाही, आणि एक दिवस उभ्या-उभ्या गुडघ्यावर कोसळतो. मोठ्या घोड्याला १२ फूट बाय १२ फूट जागा हे प्रमाण त्याच्या लोळण्या-उठण्यावरूनच ठरले आहे.

धूळ हा घोड्याच्या तबेल्यातला मुख्य शत्रू. बुरशी लागलेला कडबा आणि कुट्टीची धूळ यांनी घोड्याला जो दमा लागतो तो एकदा जडला की कायमचा राहतो, आणि त्यावर पहिला उपाय म्हणजे त्याला मोकळ्या हवेत काढणे. पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर भागांत धनगरांच्या मेंढपाळ कुटुंबांबरोबर फिरणारी भीमथडी घोडी बारा महिने उघड्यावर राहतात, बिऱ्हाड पाठीवर वाहतात आणि निरोगी असतात. मराठ्यांच्या स्वाऱ्यांतही दसऱ्यापासून घोडी तळावर उघड्यावरच बांधली जात. छपराखाली छावणी पडे ती पावसाळ्यापुरती. चार महिने छप्पर आणि आठ महिने तळ, हा क्रम हवामान जाणूनच पडलेला होता.

उलट बाजूही आहे. आफ्रिकी अश्वरोग १९६० च्या सुमारास भारतात आला होता. तो चिलटांमार्फत पसरतो, आणि अशा साथीत घोडे सूर्यास्तापूर्वी जाळीच्या तबेल्यात घेणे हा मान्य उपाय आहे. सर्रा हा रोग मात्र दिवसा चावणाऱ्या गोमाश्या पसरवतात, त्यामुळे रात्री आत बांधून त्यापासून संरक्षण मिळत नाही. या रोगाचा परजीवी १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स यांनी पंजाबातल्या घोड्या-उंटांच्या रक्तात ओळखला. यात्रेच्या तळावर ग्लँडर्स या रोगाची धास्ती. सामायिक हौदातून तो पसरतो आणि माणसालाही होतो, म्हणून यात्रेला जाणाऱ्याने स्वतःची बादली न्यावी. वरातीवरून रात्री अकरा-बाराला घामाने निथळत परतलेले घोडे लगेच वाऱ्यावर बांधू नये आणि कोंडूही नये. त्याला पंधरा-वीस मिनिटे चालवावे, गवताच्या बोळ्याने अंग कोरडे पुसावे, घोटघोट पाणी द्यावे आणि मग झूल घालून ठाणावर न्यावे. चंदी त्यानंतर तासाभराने.

उघड्यावर ठेवण्याच्या बाजूने एक मुद्दा जमिनीचा आहे. मोकळ्या रानात धनगरांची मेंढरे रात्री बसवण्याची चाल मराठवाड्यात जुनी. लेंड्या आणि मूत्र जागच्या जागी पडून शेताला खत होते आणि शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. बैलांचे खुंटेही उन्हाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी सरकवले तर वाहतुकीविना खत पसरते. गोठ्यात मात्र मूत्र बहुधा वाया जाते.

गोठा बांधायचाच झाला तर सरकारी मदत आहे. ३ फेब्रुवारी २०२१ च्या शासन निर्णयाने सुरू झालेल्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत, रोजगार हमीतून, २ ते ६ जनावरांच्या गोठ्यासाठी ७७,१८८ रुपये ठरवले गेले. माप ७.७ मीटर लांब आणि ३.५ मीटर रुंद, सोबत गव्हाण, २५० लिटरची मूत्रसंचय टाकी आणि पाण्याची टाकी. सहा जनावरे बांधली तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे साडेचार चौरस मीटर येतात. भारतीय मानकांनुसार गायीला छपराखाली ३.५ आणि मोकळ्या आवारात आणखी ७ चौरस मीटर लागतात, म्हशीला ४ आणि ८. म्हणजे छपराची जागा पुरेशी आहे, आवार मात्र शेतकऱ्याने आपले जोडायचे आहे. ते न जोडता केलेला गोठा म्हणजे अर्धे काम. आवाराला कुंपण घालून जनावरे आत दावे न बांधता सोडली की मुक्तसंचार गोठा होतो, आणि बहुतेक रात्री निर्णय जनावरावरच सोपवता येतो. उकडले तर गाय बाहेर बसते, झड आली तर आत येते. ज्याच्याकडे आवाराएवढी जागा आहे त्याच्यासाठी याहून चांगली व्यवस्था नाही. मारका बैल, शिंगाळ म्हैस आणि लहान वासरे यांची सोय तेवढी वेगळी करावी लागते.

कायदाही या विषयाला स्पर्श करतो. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ प्रमाणे जनावराला अवास्तव आखूड किंवा जड साखळीने अवास्तव काळ बांधणे, तसेच मालकाने पुरेसे अन्न, पाणी किंवा निवारा न देणे ही क्रूरता ठरते. वीज किंवा पुरात जनावर मेले तर आपत्ती मदतीच्या २०२२-२६ या काळाच्या निकषांनुसार दुभत्या गायी-म्हशीमागे ३७,५०० रुपये, ओढकामाच्या बैल किंवा घोड्यामागे ३२,००० रुपये आणि वासरामागे २०,००० रुपये ठरवले गेले. मोठ्या दुभत्या जनावरांसाठी मर्यादा तीनची, ओढकामाच्यासाठीही तीनची. त्यासाठी तलाठ्याचा पंचनामा आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा शवविच्छेदन अहवाल लागतो, म्हणून मृत जनावर पुरण्याची घाई करू नये. जनावराच्या कानात बिल्ला नसेल तर राज्यात १ जून २०२४ पासून ही भरपाई मिळत नाही. बिल्ला अजून मारलेला नसेल त्याने जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पाऊस सुरू होण्याआधी मारून घ्यावा.